लोकांचा खजिना आणि लोकांची स्मृती

सन 1843 च्या नोव्हेंबर महिन्याच्या 5 तारखेस सांगली संस्थानचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ त्या दिवसापासून मोजण्याचा प्रघात पुढे पडला. आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ श्रीमंतांनी पाहिले होते. तसे खेळ आपल्या भाषेतही व्हावेत अशी इच्छा त्यांच्या मनात उत्पन्न झाली, पदरच्या एका हुन्नरी तरुणास तशी आज्ञा झाली, आणि संस्थानच्या आश्रयाने एक नवी कला जन्मास आली. परंतु 1851 मध्ये श्रीमंत निवर्तले, तो आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडणे व तिकिटे लावून खेळ करणे प्राप्त झाले. खजिन्याच्या आधारावाचून मोठा सांस्कृतिक उद्योग उभा राहणे कठीण, आणि एका धन्याच्या मर्जीवर उभा असलेला आधार त्या धन्याबरोबरच जातो, हे दोन्ही धडे सांगलीच्या या कथेत आहेत. तिसरी गोष्ट त्या काळी कोणाच्या ध्यानातही आली नसेल. ज्या शेतसाऱ्यावर तो खजिना भरत होता, तो देणाऱ्या कुणब्याच्या, वेठ करणाऱ्या महाराच्या, वाद्ये वाजवणाऱ्या मांगाच्या पूर्वजांची कथा त्या दरबारात सांगितली जाण्याचा संभव नव्हता. ती सांगितली जाण्यास आणि तिच्यासाठी सार्वजनिक पैशातून तरतूद होण्यास या मुलखात शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांचा वृत्तान्त येथे मांडावयाचा आहे.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी या कथेच्या दृष्टीने तो एकच मुलूख आहे. 1 ऑगस्ट 1949 रोजी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 च्या नोव्हेंबरात त्यास सांगली हे नाव मिळाले. याच मुलखातील खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव, आणि खंडाळ्याकडील नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा तो कोणा संस्थानिकास किंवा साहेबास अर्पण न करता, नीग्रो गुलामांस दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला. सातासमुद्रापलीकडील काळ्या माणसाचे दास्य आणि आपल्या शेजारच्या शूद्रातिशूद्राचे दास्य ही एकाच जातीची दुःखे आहेत, हा विचार मराठीत इतक्या स्पष्टपणे प्रथम मांडला गेला तो येथे, आणि तो मांडणाऱ्याचे कूळ माणदेशाच्या सीमेवरील एका कोरड्या गावचे होते.

जोतीरावांचा दुसरा विचार याहूनही व्यवहारी होता, आणि तो थेट खजिन्याविषयी होता. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल करून त्याचा ‘लोकल फंड’ करण्याची पद्धत 1869 च्या कायद्याने कायम झाली होती. या पैशाचा मोठा भाग रस्त्यांसारख्या कामांकडे आणि उरलेला शाळांकडे जाई. हा आणा देणारी रयत होती. 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी हाच मुद्दा उचलला: सरकारचा वसूल मुख्यतः कष्टकऱ्याच्या घामातून येतो, तर त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतो; म्हणून रयतेच्या पैशाचा न्याय्य हिस्सा रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च झाला पाहिजे. सार्वजनिक निधीतून वंचितांच्या संस्कृतीस साहाय्य करावे की नाही, या आजच्या वादाची सारी बीजे या एका युक्तिवादात सापडतात. कर देणाऱ्याने आपल्याच पैशातून आपला वाटा मागितला, तर ती याचना होत नाही. तो हिशेब होतो.

हा हिशेब किती थकला होता, याचा पुरावा साताऱ्याच्याच एका शाळेच्या दप्तरात आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या नावाचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. पटावर त्याचा क्रमांक 1914 असा आहे. सरकारी शाळा, सरकारी पगाराचे शिक्षक, आणि त्या मुलाने मात्र घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, आणि शिपाई नसला तर तहान तशीच. गावातला न्हावी त्याचे केस कापीत नसे. ते काम बहीण घरी करी. वडील रामजी सुभेदार त्याच सुमारास खटाव तालुक्यात एका तलावाच्या कामावर रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांस मजुरी मिळावी म्हणून सरकारने ते काम काढले होते. 1901 च्या उन्हाळ्यात वडिलांना भेटण्यास निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनावर उतरली, तेव्हा त्यांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना; दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून, त्या मुलांनी रात्र उपाशी काढली, कारण बरोबर अन्न असूनही वाटेत पाणी मिळेना. ज्या माणसाच्या हातून सरकारी पैसा लोकांत वाटला जात होता, त्याच्याच मुलांना सार्वजनिक वाटेवर पाण्याचा घोट मिळू नये, आणि तेही जोतीरावांच्या कटगुणच्या तालुक्यात जाताना मिळू नये, याहून अधिक बोलके उदाहरण सार्वजनिक निधी आणि सार्वजनिक हक्क यांतील अंतराचे दुसरे देता येणार नाही. त्या मुलाने, म्हणजे बाबासाहेबांनी, पुढे हे प्रसंग स्वतःच लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. असे न लिहिले गेलेले प्रसंग किती असतील, याचा अदमास वाचकाने करावा.

खजिना पाठीशी नसताना या लोकांनी आपली स्मृती कशी राखली, हे आता पाहू. सत्यशोधक समाजाची स्थापना 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात झाली असली, तरी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्या चळवळीचे मोठे बळ सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत होते. कराड तालुक्यातील काले येथे 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, तो सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने. याच काळात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. तमाशाचा साचा लोकांच्या परिचयाचा होता; ढोलकी, तुणतुणे, सवाल-जवाब, सोंगाड्या ही सामग्री तयार होती; जलसेकऱ्यांनी शृंगार बाजूस सारून त्याच साच्यात सावकाराचे व्याज, लग्नातील उधळपट्टी, भिक्षुकाची दक्षिणा, दारूचे व्यसन आणि मुलांना शाळेत न घालण्याचे तोटे भरले. रात्री चावडीपुढे किंवा देवळापुढील पटांगणात मशालीच्या उजेडात खेळ होई, आणि अक्षर न येणारा माणूस त्या एका रात्रीत पुस्तकाचा विषय कानांनी वाचून घरी जाई. जेवण गावात, मुक्काम गावात, आणि खर्च गावाच्या वर्गणीतून. सरकारी मंजुरीचा कागद कोठेही नव्हता. पुढे आंबेडकरी जलशांनी हीच परंपरा घेऊन ती महारवाड्यांतून आणि गिरणगावातून नेली. आंबेडकर जयंतीचा सार्वजनिक उत्सव 1928 साली पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने झाला, तोही असाच लोकांच्या पदरमोडीतून.

तथापि, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दाराशी हा प्रश्न यायचा तो आलाच. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात असा ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात. ठराव झाला, सरकारी हुकूमही सुटले, परंतु पुष्कळ म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे स्तब्ध राहिली. तेव्हा 5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणून, जी संस्था हा हुकूम अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी शिफारस केली. निधी आणि न्याय यांची सांगड कौन्सिलच्या कामकाजात इतक्या उघडपणे घातली गेली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. महाडच्या म्युनिसिपालिटीने चवदार तळे खुले केल्याचा ठराव 1924 मध्ये केला होता. तो कागदावरच राहिल्याने 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जावे लागले.

याच वर्षांत पुण्यात स्मृतीच्या खर्चाचा प्रश्न उघड्या स्वरूपात उभा राहिला. 1925 मध्ये केशवराव जेधे यांनी पुणे म्युनिसिपालिटीत जोतीराव फुले यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आणला, आणि तो मोठ्या वादानंतर फेटाळला गेला. ज्या माणसाने मुलींची आणि अस्पृश्यांची शाळा याच शहरात काढली, पुण्याच्या म्युनिसिपालिटीत स्वतः सभासद म्हणून काम केले, त्याच्या स्मारकास त्याच शहराची सभा तयार नव्हती. त्या वादातून दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले, त्यावर खटला झाला, आणि अपिलात जेधे-जवळकरांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. मसूरहून गाडी हाकत गेलेला मुलगा कटगुणच्या फुल्यांच्या स्मृतीवरून पेटलेल्या खटल्यात वकीलपत्र घेतो, हा या मुलखाच्या इतिहासातील एक अत्यंत अर्थपूर्ण योग आहे.

नेमक्या याच सुमारास, 1926 च्या फेब्रुवारीत, अमेरिकेत कार्टर वुडसन या, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या विद्वानाने ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस काळे लोक आधीपासूनच पाळीत असत; वुडसनने ते दोन दिवस ज्या आठवड्यात येतात तोच निवडला. त्यालाही आरंभी कोणत्या नगरसभेचा आश्रय नव्हता. शाळांतील शिक्षक, चर्चे आणि लोकांच्या देणग्या यांवर तो सप्ताह वाढला, आणि 1976 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याचे महिन्यात झालेले रूपांतर अधिकृतपणे मान्य केले. लंडनमध्ये ऑक्टोबर 1987 पासून असा महिना पाळला जाऊ लागला; त्याचा पुरस्कर्ता अकयाबा अदाई-सेबो हा ग्रेटर लंडन कौन्सिलच्या सेवेत राहिलेला गृहस्थ होता. ते कौन्सिल 1986 मध्ये सरकारने बरखास्त केले. पण त्या परंपरेतून पुढे ब्रिटनच्या अनेक नगरसभा आपल्या अंदाजपत्रकात या महिन्यासाठी रक्कम ठेवू लागल्या. साताऱ्याचा जलसा आणि वुडसनचा सप्ताह यांची एकमेकांस ओळख नव्हती; तरी दोघांचा क्रम एकच आहे. आधी उपेक्षित लोक स्वतःच्या पैशाने आपला इतिहास उभा करतात, आणि तो इतका मोठा झाल्यावर, की त्याकडे डोळेझाक करणे अशक्य व्हावे, मग खजिन्याची किल्ली फिरते. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या काळ्यांच्या थोर पुढाऱ्यास पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, तेव्हा जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेस पाऊणशे वर्षांनी उत्तर मिळाल्यासारखे झाले.

सांगलीकडील वाळवे तालुक्यातील वाटेगावी 1 ऑगस्ट 1920 रोजी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म मांग समाजात झाला. या समाजावर गुन्हेगार जमातींच्या कायद्याची हजेरी लादलेली होती. तरुणांस चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत याची नोंद द्यावी लागे. याच गावच्या फकिरा नावाच्या माणसाने सरकारी खजिना लुटून दुष्काळात उपाशी माणसे जगवली, आणि त्या लुटीतील ओंजळभर रुपये नवजात अण्णा भाऊंच्या घरी दिले, अशी हकिकत सांगितली जाते. शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईस गेला, गिरणीत राबला, आणि अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाचा शाहीर झाला. तमाशाला त्यांनी लोकनाट्याचे रूप दिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले आणि या कलापथकाच्या खेळांवरही बंदीची तलवार धरली. म्हणजे आपल्याच लोकांचे राज्य आल्यावरही लोकांच्या कलेस खजिन्याकडून मदतीऐवजी मज्जाव पहिल्याने भेटला. अण्णा भाऊंनी 1959 मध्ये ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली, ती बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली, आणि 1961 मध्ये महाराष्ट्र शासनाने तिला पुरस्कार दिला. ज्याने खजिना लुटला त्याच्या कथेस खजिन्यातून सन्मान देण्यास राज्यसत्तेला लोकशाहीचे रूप घ्यावे लागले. परंतु त्याच लेखकाने आयुष्याची पुष्कळ वर्षे मुंबईच्या झोपडवस्तीत काढली आणि 18 जुलै 1969 रोजी हलाखीतच देह ठेवला. कलावंत जिवंत असता त्याच्या भाकरीची तरतूद न करता मरणोत्तर त्याच्या नावाने मंडप उभारणे, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा दोष या एका चरित्रात पुरता उघडा पडतो.

1960 नंतर खजिन्याचे दार खऱ्या अर्थाने किलकिले झाले. नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्याचे, म्हणजे याच मुलखातले. त्यांच्या कारकिर्दीत साहित्य-संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे गेले. या मंडळाने 1969 मध्ये महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. पुण्याच्या म्युनिसिपालिटीने 1925 मध्ये ज्याला पुतळाही नाकारला होता, त्याचे प्रत्येक अक्षर राज्याच्या खर्चाने छापले गेले. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नातील 20 टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करण्याचा दंडक पुढे बसला. जोतीरावांनी ज्या एका आण्याचा हिशेब मागितला होता, त्याचे उशिराचे उत्तर असे याकडे पाहता येते. 1972 मध्ये अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या धर्तीवर दलित पँथर उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी राजा ढाले हे सांगलीजवळच्या नांद्र्याचे. 1979 पासून डॉ. आंबेडकरांचे लेखन आणि भाषणे शासनाने वसंत मून यांच्या संपादकत्वाखाली खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

या ग्रंथमालेतील चौथा खंड 1987 मध्ये निघाला, तेव्हा जे घडले ते प्रत्येक नगरसेवकाने आणि जिल्हा परिषद सदस्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हिंदू धर्मातील कोड्यांविषयीचे बाबासाहेबांचे लेखन त्यात होते. त्यावर गदारोळ उठला, खंड मागे घ्यावा अशी मागणी झाली, उलटपक्षी मुंबईत दलित समाज लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरला, आणि अखेरीस ग्रंथात व्यक्त झालेल्या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप देऊन मजकूर कायम राहिला. माझ्या मते ती टीप हीच सार्वजनिक साहाय्याची योग्य मर्यादा दाखवते. खजिन्याने पैसा द्यावा, आपले मत वेगळे असल्यास ते उघड सांगावे. परंतु ज्याची स्मृती आहे त्याच्या वाक्यावर कात्री चालवू नये. चिंतामणरावांच्या आश्रयात धन्याची रुची हाच अखेरचा निकाल असे. लोकशाहीतील अनुदानास तो अधिकार नाही, कारण तेथे धनी आणि याचक हे निराळे नाहीत.

27 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने 7 नोव्हेंबर हा दिवस राज्यभर ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला, आणि गोणपाटावर वेगळ्या बसलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशाची तारीख साऱ्या महाराष्ट्राच्या शाळांच्या दिनदर्शिकेत आली. नायगावी 3 जानेवारीस, वाटेगावी 1 ऑगस्टला, गावोगावच्या बौद्धवाड्यांत 14 एप्रिलला लोक जमतात. आजही त्यांपैकी बहुतेक खर्च मजूर, शेतकरी, नोकरदार यांच्या वर्गणीतून होतो, आणि स्थानिक संस्थांचा वाटा रस्ता झाडणे, दिवाबत्ती, पाण्याचा टँकर, मंडप आणि क्वचित एखादा कार्यक्रम यांत सामावतो. वर्गणीत स्वाभिमान आहे आणि तो टिकला पाहिजे. परंतु वर्गणी आहे म्हणून नगरपालिकेने आपले कर्तव्य संपले असे समजणे योग्य नाही.

एका दिवसाच्या ध्वनिक्षेपकावर आणि कमानींवर जो पैसा जातो, तो दुसऱ्या दिवशी उरत नाही. म्हणून सातारा, सांगली आणि त्यांच्या तालुक्यांतील नगरपालिका, महानगरपालिका व जिल्हा परिषदा यांना माझी विनंती आहे: आपल्या अंदाजपत्रकात या जयंत्यांसाठी सालोसाल निश्चित रक्कम ठेवा, ती उत्सवापूर्वी वेळेवर द्या, तिचा हिशेब सूचनाफलकावर लावा, आणि तिचा मोठा भाग टिकणाऱ्या कामांकडे वळवा. वृद्ध जलसेकऱ्यांची आणि तमाशा कलावंतांची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवणे, शाळांत मुलांकडून आपल्या गावाचा इतिहास लिहवून घेणे, वस्तीतील वाचनालयास फुले, आंबेडकर आणि साठे यांचे ग्रंथ पुरवणे, वृद्ध शाहिरांस जिवंतपणी मानधन देणे, ही कामे थोड्या पैशात होतात. त्यांत काय सांगायचे आणि काय गायचे, हे मात्र त्या त्या वस्तीने ठरवावे. या मुलखातील कष्टकऱ्यांनी दीडशे वर्षे आधी कर भरला आहे आणि मग वेगळी वर्गणीही दिली आहे. त्यांच्या स्मृतीवर खर्च होणारा प्रत्येक सार्वजनिक रुपया हा त्यांच्याच थकबाकीचा भरणा आहे, आणि थकबाकी फेडणाऱ्याने उपकाराची भाषा बोलू नये.